चौकशी खिडकीचा शेरा

आमच्या आत्याला गावात नाव नव्हतं. म्हणजे पगारपत्रकावर होतं, पण तिथून ते कधी बाहेर पडलं नाही. बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत ती सव्वीस वर्षं बसत होती, त्यामुळे न्हाव्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे तिला 'चौकशी' म्हणत. "चौकशी येऊन गेली का?" "चौकशीला विचार." हायस्कूलसाठी मी तिच्याकडे राहायला आलो तेव्हा मलाही आपोआप 'चौकशीचा भाचा' ही पदवी मिळाली. पुढे मी ज्या काही पदव्या मिळवल्या त्यांपेक्षा ती जास्त उपयोगी पडली. त्या गावच्या कुठल्याच गाडीत मला कधी उभं राहावं लागलं नाही.

तिची खोली आठ बाय सहाची. एक टेबल, एक खुर्ची, भिंतीवर रंगवलेलं वेळापत्रक आणि त्यावर जागोजागी डकवलेल्या दुरुस्तीच्या चिठ्ठ्या. टेबलावर वाकड्या मानेचा माइक. त्याचं बटण दाबून धरलं तरच आवाज बाहेर जायचा, म्हणून आत्याचा डावा अंगठा उजव्यापेक्षा चपटा झाला होता. मी दोन्ही शेजारी धरून पाहिले आहेत. काचेला बोलण्यासाठी जे अर्धगोल भोक होतं ते कुणा बुटक्या मिस्त्रीनं स्वतःच्या मापानं पाडलेलं असावं. कुणीही आलं तरी कमरेत वाकूनच विचारावं लागायचं. मामलेदार आले तरी वाकायचे. आत्याला याचं फार समाधान होतं, पण ताकास तूर लागू द्यायची नाही.

तिचा आवाज गोड नव्हता. स्वच्छ होता. गाडी कुठली, कुठे चालली, कुठल्या फलाटावर, किती वाजता. मग पुन्हा तेच, त्याच क्रमानं. "पहिल्यांदा माणूस दचकतो," ती म्हणायची, "दुसऱ्यांदा ऐकतो." ही सवय घरीही यायची. "दिवा घालव. दिवा घालव." "डबा विसरू नकोस. डबा विसरू नकोस." शेजारच्या काकूंना वाटायचं, घरात दोन भाचे आहेत.

या नियमाला अपवाद एकच. साडेचारची, पुलापलीकडे जाणारी गाडी. ती आत्या एकदाच सांगायची आणि बटण सोडून द्यायची. दर आठवड्याला कुणी ना कुणी त्या गाडीला मुकायचं आणि भोकाशी वाकून भांडायचं. "मावशी, बाकीच्या गाड्या दोनदा सांगता, आमच्या गाडीनं काय घोडं मारलंय?" आत्या म्हणायची, "एकदा सांगितलं ना." मला वाटायचं, तिची चहाची वेळ होत असेल.

आता इंग्रजीचे सर. त्यांना आम्ही 'पुन्हा सर' म्हणायचो, कारण काहीही दाखवलं की ते चष्मा कपाळावर सरकवत आणि म्हणत, "पुन्हा." निबंध पुन्हा, उच्चार पुन्हा, फळा पुसणंसुद्धा पुन्हा. त्यांनी गृहपाठाची एक पद्धत काढली होती, ती दुसऱ्या कुठल्या शाळेत असेल असं वाटत नाही. दर शुक्रवारी ते फळ्यावर एक इंग्रजी कविता लिहीत. ती पाठ करायची. मग घरातलं जे माणूस इंग्रजी जाणत नाही त्याला ती म्हणून दाखवायची, आपल्या शब्दांत अर्थ सांगायचा, आणि त्या माणसाचा शेरा त्याच्याच अक्षरात वहीत घ्यायचा. शेऱ्याला पाच गुण. "घरच्या माणसाला जे सांगता येत नाही," सर म्हणत, "ते तुम्हाला कळलेलं नसतं."

वर्गात पाच गुणांसाठी काय काय चालायचं ते सांगण्यासारखं नाही, तरी सांगतो. बहुतेकांच्या वहीत 'छान' असायचं. न्हाव्याच्या मुलाच्या वहीत एकदा 'फार लांब आहे, बाजूनं थोडी कापावी' असा शेरा आला. कंपाउंडरच्या मुलीच्या वहीत काय लिहिलंय ते सरांनाही कधी लागलं नाही. त्यांनी पाच देऊन टाकले.

माझ्या वहीत आत्या लिहायची. ती नववीत इंग्रजीत दोनदा आपटून शाळेबाहेर पडली होती, तेव्हा पात्रता पूर्ण होती. रविवारी दुपारी ती जमिनीवर बसून येत्या आठवड्याच्या गाड्यांच्या चिठ्ठ्या कापायची आणि मी भिंतीला टेकून कविता म्हणायचो. मधेच कात्री थांबायची.

"कुठून निघाला हा माणूस?"

"कविता आहे आत्या. कुठून निघाला ते नसतं."

"निघाला असेल तर कुठून तरी निघालाच असेल. आणि पोचतो का?"

अशा चौकश्या झाल्यावर ती माझं पेन घ्यायची आणि सुबक अक्षरात लिहायची. 'फुलावर चौदा ओळी. फुलाला काही विचारले नाही.' किंवा, 'हा माणूस चंद्राशी बोलतो. घरात कुणी नसेल.' एका प्रेमाच्या कवितेखाली तिनं लिहिलं होतं, 'कवी उशिरा आला. गाडी गेली. आता बोलून उपयोग नाही.' सरांना माझ्या पाठांतराचं सोयरसुतक नव्हतं, पण सोमवारी वह्या आल्या की ते गठ्ठ्यातून आधी माझी काढायचे, हे मी पाहून ठेवलं होतं. पाचपैकी पाच. तेव्हा मी अर्थ सांगण्यावर मेहनत घेणं हळूहळू सोडून दिलं. पीठ चांगलं दळून मिळतंय म्हटल्यावर धान्य कोण निवडतो?

त्या शुक्रवारी फळ्यावर बारा ओळींची कविता होती. एक बाई खूप वर्षांनी जुन्या मैत्रिणीच्या घरी निघते. टेकडीवरची वाट, गवत, फाटक. आठ ओळी उतरवून झाल्या आणि घंटा झाली. खाली मॅच ठरलेली होती. चार ओळींसाठी कोण थांबणार?

रविवारी मी आठ ओळी म्हटल्या. बाई फाटकापर्यंत आली आणि मी थांबलो.

आत्याची कात्रीही थांबली. "पुढे?"

"पुढे काही नाही."

"असं कसं? गाडी मधेच कशी उभी केली? फाटकापर्यंत आली ना ती? मग?"

वेळ मारून नेण्यात माझा हात कुणी धरला नसता. "मग दार उघडतं," मी म्हटलं. "मैत्रीण बाहेर येते. म्हणते, केव्हाची वाट बघतेय. मग दोघी बसतात. संपली."

"भांडत नाहीत?"

"नाही."

"किती वर्षांनी गेली होती?"

"बरीच. नऊ-दहा." हा आकडा मी हवेतून काढला. अगदी शपथेवर.

आत्यानं चिठ्ठ्या गोळा केल्या, कडा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या. मग पेन मागितलं. काय लिहिलं ते मी वाचलंही नाही. वही बंद केली आणि खेळायला पळालो.

मंगळवारी सरांनी मला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर माझी वही उघडी होती. शेऱ्याखाली लाल रेघ. 'बाई गेली हे बरे केले. मीही पुढच्या रविवारी पुलापलीकडे जाऊन बघते.'

"कुणाकडे चालल्यात तुझ्या आत्याबाई?"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. पुलापलीकडे माझी मोठी आत्या राहायची, दोघींमधली थोरली. मी लहान असताना आजीचं शेवटचं दुखणं तिच्याच घरी झालं. बाबांनी ते मला एकदाच सांगितलं होतं. दुपारी एकला आत्याला खिडकीत फोन आला, लगेच ये. त्या दिवशी पुलाचं काम चाललेलं, सगळ्या गाड्यांचे रस्ते आणि फलाट बदललेले, स्थानक माणसांनी भरलेलं, आणि बदलीचा माणूस आला नव्हता. आत्या सव्वाची गाडी सोडून माइकपाशी बसून राहिली. बदली आल्यावर साडेचारच्या गाडीत बसली. आजी पाचला गेली. आत्या पावणेसहाला पोचली. थोरलीनं दारातच म्हटलं, "अख्ख्या गावाला गाड्या सांगितल्यास. तुझी तुला नाही सापडली." आत्या तेराव्या दिवसानंतर... नाही, तेवढीही थांबली नाही. दुसऱ्या सकाळी निघून आली. त्यानंतर दोघी बोलल्या नव्हत्या. नऊ वर्षं. बाबा मधलं टपाल.

मी सरांना एवढंच म्हटलं, "बहिणीकडे. बोलत नाहीत त्या."

"शेवटच्या चार ओळी म्हण."

मी बुटांकडे पाहिलं.

"अर्थ तरी सांग."

"दार उघडतं सर."

"कुठल्या ओळीत?"

"ओळीत नाही सर. मॅच होती."

सर रागावले नाहीत, ते जास्त वाईट होतं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून त्या चार ओळींचा अर्थ मला सांगितला. फाटकाशी उभं राहून बाई पाहते. पायरीवर गवत वाढलंय, धुराड्यातून धूर नाही, खिडक्या बंद. जे बोलायचं होतं ते ती फाटकाच्या कडीला सांगते आणि परत फिरते.

"गुणांचं जाऊ दे," सर म्हणाले. "तुझ्या थापेवर एक बाई गाडीत बसणार आहे. तिथे दार नाही उघडलं तर? जा. पुन्हा सांग. शेरा पुन्हा आण."

पुन्हा सांग म्हणणं सोपं. मंगळवार गेला, बुधवार गेला. बुधवारी आत्यानं शेजारच्या काकूंना विचारलं की नऊ वर्षांनी जाताना हातात काय न्यावं. काकू म्हणाल्या, काही नेलंस तर वाटेल लाच आणली, काही नाही नेलंस तर वाटेल रिकाम्या हातानं आली. आत्या म्हणाली, "म्हणजे दोन्हीकडून मीच." पण तिनं रविवारची सकाळची ड्युटी बदलून घेतली होती, आणि ती गुणगुणत होती. वेळापत्रकच गुणगुणत होती, पण चालीत.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी खिडकीशी गेलो. आत नाही, बाहेर, सगळ्यांसारखा भोकाशी वाकून. का कोण जाणे, तिथून सांगणं सोपं वाटलं.

"आत्या, कवितेचा शेवट तसा नाहीये."

"कसा नाहीये? बाजूला हो, त्यांना विचारू दे."

एका म्हाताऱ्याला तिनं फलाट सांगितला, दोनदा. मी परत वाकलो आणि सगळं सांगितलं. गवत, धूर, कडी. मी बनवून सांगितलं होतं, हेही सांगितलं. मागे रांग वाढत होती.

आत्या माइककडे बघत राहिली. मग बटण दाबून तिनं पाच दहाच्या गाडीची सूचना दिली, शब्द न शब्द बरोबर. बटण सोडलं.

"म्हणजे घर रिकामं होतं."

"हो."

"तिनं बघितलं आणि ती परत आली."

"हो."

"अहो, शाळा घरी घ्या, आमची गाडी चाललीय," मागचा एकजण म्हणाला. मी बाजूला झालो. आत्यानं त्याला उत्तर दिलं, त्याच्या मागच्याला दिलं, त्याच्याही मागच्याला दिलं. रांग संपल्यावर तिनं मला बोट करून बोलावलं.

"धूर नव्हता म्हणालास. गॅस घेतला असेल."

"आत्या, जुनी कविता आहे."

"तिनं हाक मारली का?"

"तसं काही सरांनी सांगितलं नाही."

"मग विचारून ये."

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी सरांना विचारलं. "आत्या विचारते, त्या बाईनं हाक मारली का?" सर सवयीनं काहीतरी म्हणायला गेले आणि थांबले. पुस्तक उघडलं. ओठ हलवत बाराही ओळी वाचल्या. मग बोट ठेवून शेवटच्या चार.

"पुन्हा बघतो," ते म्हणाले. स्वतःलाच. आणि बऱ्याच वेळानं, "नाही मारली."

मी घरी येऊन ते सांगितलं. आत्या "बरं" म्हणाली. एकदाच.

शनिवारी गुणगुणणं बंद झालं. माझी खात्री झाली की आता ती जात नाही, आणि याला मीच कारणीभूत. आधी थाप मारून उठवलं, मग खरं सांगून बसवलं. पण रविवारी सकाळी तिनं मला हलवलं. "ऊठ. चल. ऊठ. चल."

स्थानकावर आम्ही प्रवाशांच्या बाकावर बसलो. तिच्या जागी बदलीचा माणूस होता. "काय बोलतोय हा? तोंडात सुपारीएवढं काय धरलंय?" ती पुटपुटली. सव्वानऊची गाडी लागली. लोक चढले. आत्या पर्स मांडीवर धरून बसून राहिली.

"आत्या, गाडी."

"नीट ऐकू आली नाही."

गाडी गेली. ती वेळापत्रकाकडे बघत होती, तिनंच डकवलेल्या चिठ्ठीकडे. दहा चाळीसची लागली तेव्हा आतल्या माणसानं एकदाच सूचना दिली, तीही अर्धी. आत्या उठली. "या गतीनं उद्या स्थानक रिकामं होईल," ती म्हणाली आणि चढली.

थोरलीचं घर पुलापलीकडे तिसऱ्या गल्लीत होतं. पायरीवर गवत नव्हतं, पण दाराला कुलूप होतं. खिडक्या बंद. मी धुराडं शोधलं, नव्हतंच. कवितेनं आमच्या आधी येऊन सगळी तयारी करून ठेवली होती.

"बाराला परतीची आहे," मी हळूच म्हटलं.

"बारा वीसला. थांब जरा."

आत्या गल्लीच्या मध्यभागी जाऊन उभी राहिली. तिचा डावा अंगठा बटण नसताना आपोआप दाबला गेला.

"ताई."

माइकशिवायही तो आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना जाऊन आला असणार.

"ताई."

तीन खिडक्या उघडल्या. गल्लीतल्या सगळ्याच कुणा ना कुणाच्या ताई. एक म्हणाली, "काय गं?" दुसरी नुसतीच बघत राहिली, तिसरीच्या हातात लाटणं होतं. आणि मग वरून, गच्चीवरच्या वाळत घातलेल्या चादरींच्या मागून, चौथी डोकावली. आत्याचंच नाक, आत्याच्याच भुवया, केस मात्र सगळे पांढरे.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. तिन्ही खिडक्याही.

"एकदा हाक मारलीस तरी पोचते," थोरली म्हणाली. "बहिरी नाही झाले अजून. जिना मागच्या बाजूला आहे. खालची खोली आता बंदच असते."

दोघी गळ्यात पडल्या वगैरे असं सांगायला मला आवडलं असतं, पण थाप मारण्याचा मला त्या आठवड्यात वीट आला होता. आम्ही वर गेलो तेव्हा थोरलीनं तिच्या हातात चादरीची दोन टोकं दिली. घडी घालायला दोन माणसं लागतात.

"कितीची सापडली?"

"दहा चाळीसची."

"आज सापडली."

चादर ताणली गेली. टोकाला टोक जुळवायला दोघी एकमेकींजवळ आल्या, घडी दिली, परत लांब गेल्या.

"माणसं अडकली असती ताई. सगळे फलाट बदललेले."

"माहीत आहे मला."

"माहीत होतं तर तेव्हा का नाही म्हणालीस?"

"तू बसलीस कुठे ऐकायला? सकाळी उठून चालू लागलीस. एवढी गाड्या सांगणारी बाई, जरा थांबा म्हणावं तर पहिल्या गाडीनं पसार."

पुढची चादर. मग तिसरी. भांडण पूर्ण झालं नाही, कारण मधेच चादरी संपल्या. आम्ही जेवलो, आणि मग राहिलेलं भांडण झालं. थोरलीनं आजीची चष्म्याची डबी काढून आत्याच्या पुढे ठेवली आणि म्हणाली, "ही आईनं तुझ्यासाठी ठेवायला सांगितली होती. ती शुद्धीवर होती तेव्हा विचारत होती, धाकटी माइकवर आहे का म्हणून. मी हो म्हटलं. बरं म्हणाली." आत्यानं डबी उघडली, मिटली. तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा अस्वच्छ ऐकला. "हे नऊ वर्षांपूर्वी सांगायचंस ना."

"आलीस म्हणजे सांगेन, असं मनाशी धरलं होतं," थोरली म्हणाली. "तूही तशीच बसलीस."

परतीच्या गाडीत आत्यानं माझी वही मागितली. गाडी हलत होती, तरी तिनं अक्षर बिघडू दिलं नाही. सोमवारी सरांनी गठ्ठ्यातून आधी तीच वही काढली. मी उभ्याउभ्या त्यांच्या चष्म्यावरून वाचत होतो.

'अर्थ आता कळला. कविता चांगली आहे, पण बाईचे चुकले. हाक मारायला हवी होती. दोनदा.'

सरांनी शेऱ्याला पाचपैकी पाच दिले. मग बाराही ओळी म्हणायला लावल्या. मी म्हटल्या. ते म्हणाले, "पुन्हा." मी पुन्हा म्हटल्या. पाठांतराचे दोन दिले, आणि ते दोनही जास्तच होते.

संध्याकाळी मी वही दाखवायला खिडकीशी गेलो. आत्यानं काचेतूनच मला हातानं थांबवलं. साडेचार व्हायला पाच मिनिटं होती. तिनं बटण दाबलं. पुलापलीकडे जाणारी गाडी, फलाट क्रमांक तीन, साडेचार वाजता. अंगठा तिथेच राहिला. पुलापलीकडे जाणारी गाडी, फलाट क्रमांक तीन, साडेचार वाजता.

गाडीचा ड्रायव्हर चहाचा कप घेऊन लगबगीनं आला आणि भोकाशी वाकला.

"बाई, आज मागून जादा गाडी सोडली का?"

"नाही," आत्या म्हणाली. "तीच आहे. तीच आहे."